अंगरखा अॅल्युमिनियमचा, कणा पोलादाचा

बेळगावच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर एक मोठे पातेले पालथे पडलेले असे. घरातल्या बायका त्यास ‘जर्मनचे पातेले’ म्हणत. वस्तुतः ते अॅल्युमिनियमचे होते. तांबे, जस्त आणि निकेल यांच्या ‘जर्मन सिल्व्हर’ नामक मिश्रधातूचे नाव मराठी तोंडात घसरत घसरत या नव्या पांढऱ्या धातूला कधी चिकटले, हे त्या घरात कोणासही ठाऊक नव्हते. देवघरात तांबे, पंगतीला पितळ, आणि जर्मन मात्र गडीमाणसांच्या भातासाठी, अशी ती उतरंड होती. पुढे बोहारणीने जुन्या लुगड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी दिली, तेव्हा पितळ माळ्यावर गेले आणि स्टील मांडणीवर चढले. जर्मन होते तेथेच राहिले. त्याच्याविरुद्धचा पुरावा एकच होता, तो म्हणजे ते हलके होते. आपल्या भाषेत ‘हलके’ म्हणजे वजनाला कमी आणि प्रतीलाही कमी. ‘भारी’ म्हणजे वजनदार आणि उत्तमही. भाषेनेच निकाल दिल्यावर धातूने दाद कोणाकडे मागावी?

हे पातेले आम्हांस काही वर्षांपूर्वी अमेरिकेत मिशिगन राज्यात आठवले. आम्ही पुतण्याकडे मुक्कामास होतो. शेजारी घरांची छपरे शाकारणारा एक कारागीर राहत असे. त्याने नवा पिकअप ट्रक घेतला. त्याच्या धंद्याच्या नावाची पाटी चुंबकाची होती. जुन्या गाडीच्या दारावर ती वर्षानुवर्षे चिकटलेली असे. नव्या गाडीवर त्याने ती लावली आणि ती सरळ खाली पडली. गाडीचे अंग अॅल्युमिनियमचे आहे हे त्यास विकत घेताना ठाऊक होते. पण त्याचा अर्थ त्या क्षणी उमगला. तो हसला. त्याचे वडील हसले नाहीत. त्यांची उमर पोलादाच्या कारखान्यात गेली होती. त्यांनी बोटाच्या पेराने दारावर टकटक केली आणि ‘हा तर बिअरचा डबा’ एवढेच म्हणून ते घरात गेले. त्या टकटकीत आमच्या आजीचा आवाज आम्ही ओळखला. परतल्यावर या प्रकरणाचा मागोवा घेतला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पिकअप म्हणजे पुढे माणसांची बंद खोली आणि मागे मालाचा उघडा हौदा. सुतार, शेतकरी, गवंडी, गुरे पाळणारा, या सर्वांचे अमेरिकेतील हे रोजचे वाहन. त्यांतही जे मालासकट एकूण वजन ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५५ किलोंच्या वर जाऊ शकते, त्याची गणना अवजड कामाच्या वर्गात होते. खाणीवर जाणारे, घोड्यांची गाडी ओढणारे, विजेचे खांब नेणारे पिकअप ते हेच. अशा गाडीचे अंग ‘हलक्या’ धातूचे करावे, हा विचार अनेकांस विपरीत वाटला, यात नवल नाही.

वास्तविक अॅल्युमिनियम एके काळी मौल्यवान धातू होता. वॉशिंग्टन येथील स्मारकस्तंभाच्या शिखरावर डिसेंबर १८८४ मध्ये जो टोकदार कळस बसविला, तो अॅल्युमिनियमचा होता आणि त्याचे वजन होते अवघे १०० औंस. दोनच वर्षांनी, १८८६ साली, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघा तरुणांनी एकमेकांस न ओळखता एकच युक्ती शोधली. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये अॅल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडावयाची, म्हणजे तळाशी धातू साठतो. दोघांचे जन्मवर्ष १८६३ आणि मृत्युवर्षही एकच, १९१४. या शोधाने धातू स्वस्त झाला. पण त्याचे दैव कायमचे विजेशी जखडले गेले. आजही एक किलो नवा अॅल्युमिनियम काढावयास सुमारे १४ युनिट वीज लागते. उलट, जुना वितळवून पुन्हा वापरावयाचा तर त्या श्रमाच्या वीसाव्या हिश्शात काम भागते. ही दोन वाक्ये वाचकांनी ध्यानात ठेवावीत; पुढे त्यांची गरज पडेल.

मालवाहतुकीच्या धंद्यात या धातूचे मोल प्रथम ओळखले ते हिशेबी लोकांनी. अमेरिकेच्या पश्चिम भागात लेलँड जेम्स यांची कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज ही वाहतूक कंपनी होती. रस्त्यावर गाडीचे मालासकट वजन किती असावे, यावर कायद्याची मर्यादा होती. जेम्स यांचा हिशेब साधा होता. मर्यादा ठरलेली आहे, तर गाडी जितकी हलकी तितका माल अधिक. प्रचलित कारखानदारांकडून मनाजोगत्या हलक्या गाड्या मिळेनात, तेव्हा त्यांनी स्वतःच त्या बांधावयास घेतल्या आणि १९४२ साली ‘फ्रेटलायनर’ हे नाव जन्मास आले. महायुद्धात अॅल्युमिनियम विमानांकडे वळला आणि काम थांबले. १९४७ मध्ये पोर्टलंड येथे ते पुन्हा सुरू झाले. या धंद्यापुरता तरी ‘हलके’ या शब्दाचा अर्थ तेव्हाच पालटला होता.

पुढील वर्ष, १९४८, मोठे बोधप्रद आहे. जानेवारीत फोर्ड कंपनीने अमेरिकेत आपली ‘एफ’ मालिका आणली. पोलादी अंगाचे हे ट्रक पुढे त्या देशात सर्वाधिक खपणारे ठरले, आणि १९७७ पासून तो मान त्यांच्याकडेच आहे. त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने ‘लँड रोव्हर’ मांडली. तिचे अंग बर्माब्राइट या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे होते. मॉरिस विल्क्स यांनी ही निवड काही तत्त्वज्ञान म्हणून केली नव्हती. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये पोलाद नियंत्रणाखाली होते, आणि विमानांसाठी केलेला अॅल्युमिनियमचा पत्रा मात्र मिळू शकत होता. महागडे साचे करण्यास पैसा नव्हता, म्हणून पत्रा शक्यतो सपाट ठेवून साध्या घड्या घातल्या. पण खालचा सांगाडा, ज्यास आपल्याकडचे मेस्त्री चासी म्हणतात, तो पोलादाचाच ठेवला. निरुपायाने केलेली ही वाटणी, अंगावर अॅल्युमिनियम आणि कण्यात पोलाद, चिखलपाण्यात इतकी टिकली की पुढे तिलाच गुण मानले गेले.

अमेरिकेत पोलादाची टंचाई नव्हती. डिअरबॉर्न येथील रूज नदीकाठच्या आपल्या अवाढव्य आवारात हेन्री फोर्ड यांनी पोलादाचा कारखानाच उभारला होता. एका टोकाला बोटीतून खनिज उतरावे आणि दुसऱ्या टोकातून तयार मोटार बाहेर पडावी, असे ते स्वप्न होते. तो पोलाद कारखाना कंपनीने १९८९ मध्ये विकला. पण आवार तेच राहिले. म्हणून याच आवारात नोव्हेंबर २०१४ मध्ये अॅल्युमिनियमच्या पिकअपचे उत्पादन सुरू झाले, ही घटना केवळ तांत्रिक म्हणता येत नाही. शेजारी भट्ट्या पोलाद ओतीत होत्या आणि त्यांच्या जुन्या धन्याच्या ट्रकवर त्यांचा पत्रा चढत नव्हता. आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांची ती टकटक या पार्श्वभूमीवर ऐकावी.

हे घडले कसे? मूळ १९७३ च्या तेलटंचाईत आहे. त्यानंतर १९७५ साली अमेरिकेने कायदा केला, की प्रत्येक कारखानदाराच्या सर्व गाड्यांची मिळून इंधन-किफायत ठराविक सरासरीच्या खाली जाता कामा नये, गेल्यास दंड. पुढे हे दंडक कडक होत गेले, आणि २०१२ मध्ये २०२५ पर्यंतच्या गाड्यांसाठी चढत्या अटी जाहीर झाल्या. ज्या कंपनीचा सारा नफा मोठ्या ट्रकांत, तिने ट्रक लहान करावेत की हलके, हा प्रश्न उभा राहिला. फोर्डचे प्रमुख तेव्हा अॅलन मुलाली होते. ते २००६ साली बोईंग या विमान कंपनीतून आले होते. अॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटांनी जोडून त्यावर माणसांचे प्राण सोपविणे हे त्यांच्या पूर्वायुष्याचे कामच होते. शिवाय जॅग्वार ही इंग्लिश कंपनी त्या काळी फोर्डच्या मालकीची होती. तिची २००३ मध्ये रस्त्यावर आलेली एक्सजे मोटार अॅल्युमिनियमच्या अंगाची, रिव्हेट आणि डिंकासारख्या चिकटद्रव्याने जोडलेली होती. त्या कामातील अनुभव घरातच होता.

तरीही कंपनीस गिऱ्हाइकाच्या मनाची धास्ती होती. म्हणून तिने एक युक्ती केली. अॅल्युमिनियमचा हौदा बसविलेल्या काही गाड्या नेहमीच्या रूपात सजवून खाणकाम, बांधकाम आणि वीजपुरवठा अशा तीन ठिकाणी वापरावयास दिल्या. हौदा कशाचा आहे हे मात्र सांगितले नाही. वापरणाऱ्यांस फरक जाणवला नाही. नाव न सांगता वाढले असता जेवणाराने चवीने खावे, तसा हा प्रकार. जानेवारी २०१४ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात नवा एफ-१५० मांडला गेला. तो आधीच्या गाडीपेक्षा ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३१७ किलो, हलका होता. जाहिरातीत मात्र ‘हलका’ हा शब्द एकटा येऊ दिला नाही. धातू ‘लष्करी प्रतीचा’ असल्याचे आवर्जून सांगितले गेले. भाषेची भीती तेथेही होती.

येथे धातूचा स्वभाव थोडक्यात सांगणे अवश्य आहे. समान आकारमानाच्या पोलादापेक्षा अॅल्युमिनियमचे वजन सुमारे एक-तृतीयांश. पण त्याचा ताठपणाही एक-तृतीयांशच. म्हणून पोलादाइतका न वाकणारा पत्रा हवा, तर अॅल्युमिनियमचा पत्रा सुमारे दीडपट जाड घ्यावा लागतो. जाडी वाढवूनही वजन जवळजवळ निम्मेच भरते, हा त्याचा फायदा. तो गंजून झडत नाही, कारण हवेत त्यावर आपोआप एक पातळ, घट्ट थर येतो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या मुलखात हे लहान सुख नव्हे. पण तोच थर आणि धातूची वीज वाहून नेण्याची तत्परता यांमुळे पोलादासारखे ठिणगीचे टाके घालून तो जोडणे कठीण जाते; म्हणून रिव्हेट आणि चिकटद्रव्य. आणखी एक खोड अशी, की पाणी आणि मीठ यांच्या साक्षीने अॅल्युमिनियम पोलादाला थेट भिडला, तर झिजतो तो अॅल्युमिनियम. म्हणून दोघांमध्ये रबर किंवा लेप घालून अंतर राखावे लागते. एकत्र नांदावयाचे, पण सोवळ्याने!

आता अवजड वर्गाकडे वळू. फोर्डने आपली सुपर ड्युटी ही मालिका अॅल्युमिनियमच्या अंगाने सप्टेंबर २०१५ मध्ये टेक्ससच्या राज्य-जत्रेत दाखविली; ती २०१७ ची गाडी म्हणून विकली गेली. या गाड्यांचा इंधनाचा हिशेब लहान पिकअपसारखा नाही. त्यांच्यासाठी २०११ मध्ये वेगळे नियम झाले, आणि त्यांत मर्यादा ठरते ती गाडी किती माल वाहू शकते व किती ओढू शकते यावर. म्हणजे अंगाचे वजन घटवून वहनक्षमता वाढविली, की अटही त्या मानाने सैल होते. दुसरे असे, की या मालिकेने माणसांची खोली लहान भावाचीच घेतली, त्यामुळे साचे आणि जोडकामाची विद्या दोघांस समाईक झाली. पण ध्यानात घेण्यासारखी गोष्ट तिसरीच आहे. अंगावर वाचलेले वजन कंपनीने सगळे खिशात टाकले नाही. त्यातील बरेचसे खाली, सांगाडा आणि ओढण्याच्या साहित्यात घातले. हा सांगाडा ९५ टक्क्यांहून अधिक उच्चबल पोलादाचा होता. एवढे करूनही गाडी ३५० पौंडांपर्यंत हलकी भरली, आणि मालिकेतील सर्वांत ताकदवान गाडीची ओढण्याची क्षमता ३२,५०० पौंड, म्हणजे पावणेपंधरा टनांच्या आसपास, पोहोचली. ज्यास जग पोलादाविरुद्ध अॅल्युमिनियम असा सामना समजत होते, तेथे प्रत्यक्षात अॅल्युमिनियमने वाचविलेले वजन पोलादाच्या पदरात पडले होते. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे.

सामना मात्र जाहिरातींत रंगला. २०१६ च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेने दोन ट्रकांच्या हौद्यांत ८२५ पौंडांच्या बांधकामाच्या विटा उंचावरून ओतल्या. पोलादी हौद्यास पोचे आले, अॅल्युमिनियमच्या हौद्यास भोके पडली. चित्र खोटे नव्हते; रोज कोण तसा माल ओततो, हा प्रश्न तेवढा त्यात नव्हता. गंमत अशी, की याच कंपनीच्या २०१९ च्या सिल्व्हरॅडो ट्रकची दारे आणि पुढचे झाकण अॅल्युमिनियमचे झाले; हौदा तेवढा पोलादाचा राहिला. पोलादवालेही स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी पूर्वीपेक्षा कितीतरी बळकट आणि म्हणून पातळ वापरता येईल असे पोलाद पुढे केले, आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनी सांगाड्यासाठी ते उचलले.

खर्चाचा भार कोणावर पडला, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये अॅल्युमिनियमचा आणि आधीचा पोलादी असे दोन ट्रक कमी वेगात धडकवून पाहिले. नव्याच्या दुरुस्तीस २६ टक्के अधिक खर्च आला. गावोगावच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यास वेगळी हत्यारे, वेगळा आडोसा, वेगळे शिक्षण घ्यावे लागले. पोलादाची धूळ अॅल्युमिनियमवर बसली तर पुढे तेथेच झीज सुरू होते. ज्यास एवढे भांडवल परवडले नाही, त्या लहान दुकानदाराचे गिऱ्हाईक मोठ्याकडे गेले. धातू बदलतो तेव्हा कोणाच्या तरी हातची विद्या जुनी होते. आपल्याकडे स्टील आले तेव्हा कल्हईवाल्याचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले त्यांस हे वेगळे सांगावयास नको.

आमच्या स्वयंपाकघरात जिंकलेले स्टेनलेस स्टीलही पुढे या रिंगणात उतरले. नोव्हेंबर २०२३ पासून ग्राहकांच्या हाती पडू लागलेला टेस्लाचा सायबरट्रक बाहेरून त्याच चकचकीत धातूचा आणि आतून पुढेमागे अॅल्युमिनियमच्या मोठ्या ओतीव भागांवर उभा, म्हणजे आतापर्यंतच्या वाटणीची बरोबर उलटापालट! मार्च २०२५ मध्ये चिकटविलेली एक पोलादी पट्टी सुटून पडण्याच्या भयाने असे ४६,००० हून अधिक ट्रक दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले. दोष पोलादाचा नव्हता, सांध्याचा होता.

या कथेचा एक धागा आमच्या दारापर्यंत येतो, म्हणून तर ती सांगण्याचे धाडस केले. कॅनडातील अॅल्कन कंपनीचे कुटुंब मोठे होते. तिच्याशी जोडलेली इंडियन अॅल्युमिनियम, म्हणजे इंडाल, १९३८ साली स्थापन झाली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिने बेळगावात कारखाना काढला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीसारख्या सह्याद्रीच्या पठारांवरचे बॉक्साइट त्यास मिळे. त्याच अॅल्कनने १९६३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ऑंटारिओ सरोवराकाठी ऑस्वेगो येथे पत्र्याचा कारखाना उभारला होता. पुढे मुंबईच्या हिंडाल्कोने २००० साली इंडालमधील अॅल्कनचा वाटा घेतला. आणि अॅल्कनच्या पत्र्याच्या धंद्याची २००५ मध्ये ‘नॉव्हेलिस’ म्हणून वेगळी चूल झाल्यावर, २००७ मध्ये सुमारे ६०० कोटी डॉलरच्या व्यवहारात तीही आपल्या घरात आणली. फोर्डच्या ट्रकांचा पत्रा मुख्यतः या ऑस्वेगोतून जातो. जॅग्वार आणि लँड रोव्हर २००८ मध्ये मुंबईच्याच टाटा मोटर्सकडे आल्या. डिअरबॉर्नच्या ट्रकास ज्यांनी पत्रा पुरविला आणि ज्यांच्याकडून त्याचे जोडकाम शिकले, ती दोन्ही घराणी आज मुंबईच्या नावावर आहेत. आमच्या पिढीने ‘जर्मन’ म्हणून नाक मुरडले, त्या धातूची ही वंशावळ.

पण या घरोब्यात धोकाही आहे. १६ सप्टेंबर २०२५ रोजी ऑस्वेगोच्या कारखान्यास आग लागली. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरात, पुन्हा लागली. पहिल्या आगीनंतर पत्र्याअभावी ट्रकांचे उत्पादन अडले, आणि फोर्डने ऑक्टोबरात दीडशे ते दोनशे कोटी डॉलरच्या फटक्याचा अंदाज जाहीर केला. पोलाद अनेक दारी मिळते. हा पत्रा थोड्याच दारी. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेने किफायतीच्या कायद्यातील दंड शून्यावर आणला. ज्या धाकाने हलका धातू ट्रकावर चढला, तो धाक अशा रीतीने उतरला. ट्रक मात्र अजून अॅल्युमिनियमचेच निघत आहेत, कारण साचे, हात आणि हिशेब आता त्यास सरावले आहेत.

बेळगावातही विजेच्या प्रश्नापायी धातू गाळण्याचे काम कधीच थांबले. कारखाना आता अॅल्युमिना करतो. पावसाळा सरला की चंदगड-कोल्हापूरच्या बाजूने तांबडी माती माखलेले मालट्रक आमच्या रस्त्याने येताना दिसतात. त्यांच्या हौद्यात अॅल्युमिनियमची माती असते, आणि हौदा असतो जाड, पोचे आलेल्या, वेल्डिंगची ठिगळे मारलेल्या पोलादाचा. तो फाटला तर नाक्यावरचा मेस्त्री अर्ध्या तासात सांधून देतो. परवा आम्ही माळ्यावरचे ते पातेले खाली काढले. भंगारवाल्याने आधी चुंबक लावून पाहिला, तो चिकटला नाही, तसा तो खूश झाला आणि लोखंडाच्या कितीतरी पट भाव सांगू लागला. आम्ही पातेले परत माळ्यावर ठेवले.